खांब ३३ सेंटीमीटर सरकला; त्यात भूकंपाचा वाटा किती?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. प्रकल्पासाठी साडेसहा वर्षांपूर्वी काँक्रीटचे कंट्रोल खांब (मोजणीचे पक्के आधारबिंदू) उभारले आणि त्यांचे निर्देशांक जीपीएसने ठरवले. अलीकडे त्यांपासून साधारण ७० किलोमीटरवर ६.४ मॅग्निट्यूडचा भूकंप झाला. तीन आठवड्यांनी तुम्ही एका खांबावर सहा तास रिसीव्हर लावला, डेटा एका ऑनलाइन पीपीपी सेवेकडे (एकट्या रिसीव्हरच्या डेटावरून नेमकी जागा काढून देणाऱ्या) पाठवला आणि उत्तर आलं: खांब ईशान्येला ३३ सेंटीमीटर सरकलाय आणि ६ सेंटीमीटर खचलाय. वरिष्ठांना अहवालात ‘भूकंपामुळे जमीन ३३ सेंटीमीटर सरकली’ असं वाक्य हवंय. ते लिहावं का, हा तुमचा पहिला प्रश्न. मोबाइलचा जीपीएस पाच-पाच मीटर चुकतो, मग या सेंटीमीटरवर विश्वास कसा ठेवायचा, हा दुसरा.

ते वाक्य लिहू नका. ३३ हा आकडा बहुधा बरोबर आहे, पण तो भूकंपाचा नाही. ६ सेंटीमीटरच्या खचण्यावर मात्र मी अजून विश्वास ठेवणार नाही. असं का म्हणतो ते सांगतो, कारण हाच गोंधळ मी गेल्या अनेक वर्षांत पुन्हा पुन्हा पाहिलाय आणि प्रत्येक वेळी त्याचं मूळ एकच असतं: ‘सरकला’ हे क्रियापद आपण वापरतो, पण कशाच्या तुलनेत आणि कुठल्या दिवसापासून कुठल्या दिवसापर्यंत, हे विचारायचं राहून जातं.

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचं उत्तर कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. मोबाइल आणि तुमचा रिसीव्हर त्याच उपग्रहांचं ऐकतात, पण वेगवेगळी गोष्ट मोजतात. मोबाइल प्रामुख्याने संदेशावर चढवलेल्या कोडवरून अंतर काढतो. त्या कोडचा एकेक तुकडा अंतरात मोजला तर जवळपास ३०० मीटर लांब असतो. त्याच्या शंभराव्या भागापर्यंत मोजलं तरी तीन मीटरची चूक राहतेच. सर्वेक्षणाचा रिसीव्हर हा कोड ज्या लहरीवर स्वार असतो ती लहरच मोजतो. जीपीएसच्या एल-१ लहरीची वारंवारता १५७५.४२ मेगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी सुमारे १९ सेंटीमीटर. तिचा शंभरावा भाग दोन मिलिमीटर. मिलिमीटरची भाषा येते ती इथून.

पण यात एक अडचण आहे. रिसीव्हरला लहरीचा चालू फेरा कुठवर आलाय ते नेमकं कळतं. २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहापासून आपल्यापर्यंत पूर्ण लहरी किती झाल्या ते कळत नाही. समजा, एका पट्टीवर मिलिमीटरच्या रेघा स्वच्छ दिसताहेत, पण सेंटीमीटरचे आकडे पुसले गेलेत. तशी ही स्थिती. ते पुसलेले आकडे परत मिळवायचे तर उपग्रह आकाशात पुरेसे फिरावे लागतात, म्हणजे कोन बदलतात आणि चुकीचे पर्याय एकेक करून गळून पडतात. म्हणून तास लागतात. मध्येच झाडाच्या फांदीने संदेश तुटला तर त्या उपग्रहाची मोजणी नव्याने सुरू करावी लागते. खांबावर मोकळं आकाश हवं असा आमचा हट्ट असतो तो यासाठी.

बाकी चुका कमी कशा होतात ते पटकन सांगतो. आयनांबरामुळे होणारा उशीर दोन वारंवारता वापरून जवळपास पूर्ण काढून टाकता येतो. उपग्रहांच्या कक्षा आणि घड्याळं आंतरराष्ट्रीय जीएनएसएस (जीपीएससारख्या उपग्रह प्रणालींच्या) सेवेकडून मिळतात. अंतिम कक्षा यायला सुमारे दोन आठवडे लागतात, पण त्या काही सेंटीमीटरपर्यंत अचूक असतात. खरा त्रास हवेचा. डोक्यावरच्या हवेमुळे समुद्रसपाटीला संदेश सुमारे २.३ मीटर अंतराइतका उशिरा पोचतो. त्यातला कोरड्या हवेचा भाग दाबावरून नीट काढता येतो, बाष्पाचा भाग मात्र दिवसागणिक बदलतो आणि तो डेटामधूनच अंदाजावा लागतो. हा अंदाज आणि खांबाची उंची एकमेकांत गुंतलेली असतात. शिवाय उपग्रह फक्त वरच्या बाजूला असतात. पायाखालून कोणी संदेश पाठवत नाही. म्हणून उभ्या दिशेची अचूकता आडव्या दिशेच्या निम्मी किंवा तिसरा हिस्साच भरते. सहा तासांच्या चांगल्या डेटात आडवी जागा साधारण एक सेंटीमीटरपर्यंत आणि उंची दोन-तीन सेंटीमीटरपर्यंत भरवशाची धरावी. पीपीपीच्या अहवालात याहून बारीक आकडे छापलेले असतील. ते गणिताच्या अंतर्गत सुसंगतीचे असतात, खऱ्या चुकीचे नव्हेत. मी ते नेहमी तीन-चार पट करून वाचतो.

आता मुख्य गोष्ट. पीपीपी ही पद्धत जवळच्या कुठल्याही केंद्राचा आधार न घेता तुमच्या एकट्या रिसीव्हरची जागा काढते. ती जागा कशात मिळते? आयटीआरएफ या जागतिक संदर्भ चौकटीत. या चौकटीचा आरंभबिंदू पृथ्वीच्या वस्तुमानाच्या केंद्रात आहे आणि तिच्यात एकही भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचा मोठा तुकडा) स्थिर नाही. प्रत्येक जण आपापल्या वेगाने सरकतोय. ऑस्ट्रेलियाचं उदाहरण फार बोलकं आहे. त्यांचे राष्ट्रीय निर्देशांक १९९४च्या स्थितीला बांधलेले होते. नंतर २०२०च्या स्थितीला बांधलेली नवीन चौकट आणली, तेव्हा दोन्हींतला फरक सुमारे १.८ मीटर होता. हा १.८ मीटर कुठल्याही भूकंपाने आणलेला नव्हता. खंड वर्षाला सुमारे ७ सेंटीमीटर ईशान्येच्या बाजूने जातोय आणि २६ वर्षं गेली, एवढंच.

तुमच्या वर्णनावरून खांब भारतीय भूपट्टावर आहेत. हा पट्ट आयटीआरएफमध्ये वर्षाला सुमारे ५ सेंटीमीटर ईशान्येकडे सरकतो. साडेसहाला पाचाने गुणा: साडेबत्तीस. तुमचे ३३ सेंटीमीटर, दिशेसकट, इथेच संपले.

इथे मात्र परिस्थितीवर अवलंबून असलेल्या दोन गोष्टी कबूल करायला हव्यात. तुमची जागा पट्टाच्या स्थिर अंतर्भागात असेल तर हा गुणाकार चांगला चालतो. ती पर्वतरांगेत किंवा पट्टाच्या कडेजवळ असेल तर चालत नाही. हिमालय ओलांडताना त्या ५ सेंटीमीटरमधले सुमारे २ सेंटीमीटर आकुंचनात खर्च होतात. तेव्हा मी सरासरी वेग वापरणार नाही, सर्वांत जवळच्या कायमस्वरूपी जीपीएस केंद्राचा भूकंपाआधीच्या वर्षांतला मोजलेला वेग वापरीन. दुसरी गोष्ट, जुन्या अहवालात निर्देशांकांपुढे काय लिहिलंय ते पाहा. बहुतेकदा नुसतं ‘डब्ल्यूजीएस-८४’ (जीपीएसची स्वतःची संदर्भ चौकट) लिहिलेलं असतं. कुठली चौकट, कुठल्या तारखेची स्थिती, याचा पत्ता नसतो. मोजणी एखाद्या जुन्या पायाभूत बिंदूच्या आधाराने केली असेल आणि त्या बिंदूचे निर्देशांक त्याहून दहा वर्षं जुने असतील, तर तुमचा घड्याळाचा काटा साडेसहा वर्षांपूर्वी नाही, साडेसोळा वर्षांपूर्वी सुरू झालाय. तुमच्या बाबतीत आकडा इतका जुळतोय की तसं नसावं, पण तपासा.

आता उलट बाजूने विचार करू: ६.४चा भूकंप ७० किलोमीटरवरची जमीन कायमची किती हलवू शकतो? अशा भूकंपात साधारण वीस किलोमीटर लांबीची भ्रंशाची फट ढोबळमानाने अर्धा ते एक मीटर सरकते. फटीच्या अगदी जवळ विस्थापन मोठं असतं, पण भ्रंशाच्या लांबीहून बरंच दूर गेलं की ते अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतं: दुप्पट दूर, तर चौथा हिस्सा. ७० किलोमीटरवर हा हिशेब काही मिलिमीटरवर येऊन थांबतो. भूकंपशास्त्रातली माणसं हेच काम योशिमित्सु ओकादा यांनी १९८५मध्ये मांडलेल्या सूत्रांनी नीट करतात. भ्रंशाची लांबी, खोली, उतार आणि सरक दिली की पृष्ठभागावरच्या कुठल्याही बिंदूचं विस्थापन निघतं. पण ‘मिलिमीटर की मीटर’ एवढं ठरवायला कागद-पेन्सिल पुरते. मोजणी हातात येण्याआधी अपेक्षित आकडा लिहून ठेवायची सवय मी माझ्यासोबत काम करणाऱ्या प्रत्येकाला लावतो. आकडा आल्यावर मन त्याला कारण शोधू लागतं. आधी लिहून ठेवलेला अंदाज त्याला आवर घालतो.

मोठ्या भूकंपांचे आकडे वेगळेच असतात आणि बहुधा तेच वाचून तुमच्या वरिष्ठांना ३३ सेंटीमीटर सहज पटले असावेत. २००४च्या सुमात्रा-अंदमान भूकंपात पोर्ट ब्लेअर सुमारे तीन मीटर सरकलं आणि जवळपास एक मीटर खचलं. २०१०च्या चिलीतल्या ८.८च्या भूकंपाने कॉन्सेप्सिऑन शहर सुमारे तीन मीटर पश्चिमेला नेलं. २०१५च्या नेपाळ भूकंपात काठमांडू खोरं दीड मीटरहून अधिक दक्षिणेकडे गेलं आणि जवळपास एक मीटर उचललं गेलं. जपानच्या ११ मार्च २०११च्या भूकंपात ओशिका द्वीपकल्पावरचं केंद्र सुमारे ५.३ मीटर पूर्व-आग्नेयेला गेलं आणि १.२ मीटर खचलं. समुद्रतळावर, भूकंपकेंद्राच्या जवळ, हाच आकडा २४ मीटर होता. पण या भूकंपांत शेकडो किलोमीटर लांबीचे भ्रंश फाटले होते (नेपाळमध्येही दीडशे किलोमीटरच्या आसपास). मॅग्निट्यूड दोनने वाढली की सुटणारी ऊर्जा हजार पट होते, ६.४ला त्यांच्या रांगेत बसवता येत नाही.

जपानच्या त्याच उदाहरणातून आणखी एक धडा घेण्यासारखा आहे. पीपीपीऐवजी तुम्ही जवळच्या संदर्भ केंद्राशी तुलना करून मोजलं असतं तर भूपट्टाचा वेग आपोआप वजा झाला असता, कारण दोघंही एकाच पट्टावर आहेत. पण मग दुसरा धोका येतो: ते केंद्र स्वतःच भूकंपात हललं असेल तर? २०११मध्ये टोकियोतला, म्हणजे भूकंपकेंद्रापासून पावणेचारशे किलोमीटरवरचा, देशाच्या निर्देशांकांचा मूळ बिंदू सुमारे २७ सेंटीमीटर पूर्वेला गेला. पूर्व जपानातल्या सर्वेक्षण बिंदूंच्या जुन्या निर्देशांकांचा वापर थांबवून नवे जाहीर करावे लागले. म्हणून माझी पद्धत अशी: दोन्ही करायचं. एकदा पीपीपीने, एकदा भूकंपापासून पुरेशा लांब असलेल्या दोन-तीन केंद्रांच्या तुलनेत. दोन्ही उत्तरांतला फरक समजावून सांगता आला तरच पुढे जायचं.

आता ‘कधीपासून कधीपर्यंत’ हा भाग. कायमस्वरूपी केंद्रांचं रोजचं स्थान तारखेनुसार कागदावर मांडलं तर चित्र असं दिसतं: वर्षानुवर्षं एक तिरकी सरळ रेघ, तिच्यावर पावसाळा-उन्हाळ्याची वार्षिक लाट, भूकंपाच्या दिवशी एक उडी, आणि त्यानंतर एक वक्र जो आधी वेगाने आणि मग मंदावत जातो. भूकंपाने झालेलं विस्थापन म्हणजे फक्त ती उडी. त्यानंतरचा वक्र म्हणजे भ्रंशाचं आवाज न करता सरकत राहणं आणि खोलवरच्या गरम खडकांचं हळूहळू वाहणं. हा भाग किरकोळ समजू नका. कॅलिफोर्नियातल्या पार्कफील्डला सप्टेंबर २००४मध्ये ६.० मॅग्निट्यूडचा भूकंप झाला, तिथे नंतरच्या काळात भ्रंश भूकंपाच्या क्षणापेक्षा अधिक सरकला. मोठ्या भूकंपांनंतर हा वक्र इतकी वर्षं चालतो की २०१४च्या आयटीआरएफमध्ये पहिल्यांदा अशा केंद्रांसाठी सरळ रेघेऐवजी वक्र सूत्रं घालावी लागली. तुम्ही भूकंपानंतर तीन आठवड्यांनी मोजलं, म्हणजे तुमच्या आकड्यात उडीही आहे आणि वक्राचे पहिले तीन आठवडेही. ७० किलोमीटरवर दोन्ही मिळून मिलिमीटरच आहेत, पण दहा किलोमीटरवर असता तर हा फरक अहवालात स्पष्ट लिहावा लागला असता.

आणि म्हणूनच भूकंपाआधीचा डेटा हे या कामातलं सर्वांत मोठं भांडवल आहे. भूकंपानंतर कितीही महागडं यंत्र लावलं तरी आधीची स्थिती परत मोजता येत नाही. २००१च्या कच्छ भूकंपानंतर संशोधकांना १९व्या शतकातल्या त्रिकोणमापनाचे बिंदू शोधून त्यांवर जीपीएस लावावा लागला. दीड शतकापूर्वी कोणीतरी काळजीपूर्वक केलेली मोजणी उपयोगी पडली याचा मला आजही आदर वाटतो, पण त्या मोजणीची अचूकता अर्थातच आजच्यासारखी नव्हती.

आता खचण्याकडे येऊ. ६ सेंटीमीटर उभा बदल दिसला की मी जमिनीकडे सर्वांत शेवटी पाहतो. आधी अँटेनाची उंची. ती तिरकी मोजली होती की सरळ? अँटेनाच्या तळापर्यंत की खुणेपर्यंत? मग अँटेनाचा प्रकार: संदेश जिथे ‘पोचतो’ तो बिंदू यंत्राच्या आत असतो, प्रत्येक प्रकारात वेगळ्या जागी, आणि अँटेनाचं नाव चुकीचं भरलं तर उंची सहज काही सेंटीमीटर बदलते. एका केंद्रावर एकदा धक्क्यानंतर उंचीत तीन सेंटीमीटरची स्वच्छ उडी दिसली होती. आम्ही त्यावर मसुदाही लिहायला घेतला. मग देखभालीची नोंदवही मागवली, तर धक्क्याने केबल खराब झाल्यामुळे दोन दिवसांनी अँटेना बदलली होती आणि नवीनवर वेगळं घुमटाकार झाकण होतं. उडीची तारीख पुन्हा पाहिली, ती भूकंपाची नव्हती, दुरुस्तीची होती. मसुदा मागे घेतला. तेव्हापासून कुठल्याही उडीची तारीख मी आधी नोंदवहीशी ताडून पाहतो, मगच भूकंपाच्या यादीशी.

यंत्राचा हिशेब नीट निघाला तरीही खांब खचलेला दिसत असेल, तर मग खांबाखाली पाहायचं. भरावाची माती, उतारावरची जागा, भूजलाचा उपसा, हादऱ्याने सैल झालेली वाळू: यांतलं काहीही खांबाला हलवू शकतं, आणि त्याचा भ्रंशाशी थेट संबंध नसतो. तपासायची खूण सोपी आहे. भ्रंशामुळे झालेलं विस्थापन शेजारच्या सगळ्या खांबांवर जवळपास सारखं दिसतं. एकटाच खांब वेगळं वागत असेल तर कारण त्या खांबापाशीच आहे.

आत्तापर्यंतचा हिशेब एवढा: मोजणीची पद्धत विश्वासार्ह आहे; आडवा बदल भूपट्टाच्या नेहमीच्या वेगाने पूर्ण भरून निघतो; भूकंपाचा अपेक्षित वाटा मिलिमीटरचा, म्हणजे तुमच्या सहा तासांच्या मोजणीच्या चाळणीतून निसटणारा; आणि उभ्या बदलाला अजून पुरावा नाही.

पुढे काय करायचं? सगळ्यांत आधी साडेसहा वर्षांपूर्वीचा मूळ डेटा शोधा, नुसते निर्देशांक नकोत, रायनेक्स फाइल (रिसीव्हरच्या कच्च्या मोजणीची प्रमाणित फाइल) हवी. ती मिळाली तर जुना आणि नवा डेटा एकाच सेवेतून, एकाच चौकटीत, एकाच अँटेना-सारणीने पुन्हा काढा. अर्धी भांडणं तिथेच मिटतात. मग खांबावर पुन्हा जा, शक्यतो तीच अँटेना घ्या, तिच्यावरची खूण उत्तरेकडे करा, आणि किमान तीन पूर्ण दिवस ठेवा. खांबाजवळच्या भिंतीवरून, पत्र्यावरून परावर्तित होणारे संदेश पूर्ण दिवसाच्या सरासरीत बरेच दबतात. सहा तासांत ते तसेच राहतात. उंची दोघांनी स्वतंत्रपणे मोजून लिहा. अंतिम कक्षा येईपर्यंत थांबा. शक्य असेल तर सेंटिनेल-१ उपग्रहाच्या रडार प्रतिमांवरून तयार केलेला विस्थापनाचा नकाशाही मिळवा. तो प्रतिमेतल्या एका जागेची दुसऱ्या जागेशी तुलना करतो, म्हणून अख्ख्या भूपट्टाचं सरकणं त्यात गोंधळ घालत नाही. उत्तर-दक्षिण हालचाल त्याला नीट दिसत नाही, पण तुमचा खांब खरंच ६ सेंटीमीटर खचला असेल आणि आजूबाजूची जमीनही त्याच्यासोबत गेली असेल, तर ते त्यात दिसायलाच हवं.

आणि प्रकल्पाच्या दृष्टीने खरी महत्त्वाची मोजणी वेगळीच आहे. तुमचे सगळे खांब भूपट्टासोबत एकत्र ३३ सेंटीमीटर गेले असतील तर बांधकामाला काहीही फरक पडत नाही. फरक पडतो तो खांबांमधलं अंतर आणि उंचीतला फरक बदलला असेल तर. दोन किंवा तीन खांबांवर एकाच वेळी रिसीव्हर लावून त्यांच्यामधलं अंतर काढा. काही किलोमीटरच्या आत हवेच्या आणि कक्षेच्या चुका दोघांना सारख्याच लागतात आणि वजा होतात, त्यामुळे दोन-तीन मिलिमीटरचा बदलही पकडता येतो. वरिष्ठांना खरं तर हा आकडा हवाय.

तोवर अहवालात असं लिहिता येईल: ‘साडेसहा वर्षांत खांबाचे निर्देशांक आयटीआरएफ चौकटीत ईशान्येला ३३ सेंटीमीटर बदलले. हा बदल भूपट्टाच्या नेहमीच्या गतीशी जुळतो. भूकंपाचा आडवा वाटा, असल्यास, मोजणीच्या सुमारे दोन सेंटीमीटरच्या अनिश्चिततेपेक्षा कमी आहे. उभ्या बदलाची फेरतपासणी सुरू आहे.’ जुनी रायनेक्स फाइल सापडली तर तिच्या शीर्षभागातल्या दोन ओळी, अँटेनाचा प्रकार आणि अँटेनाची उंची, मला कळवा. त्या ६ सेंटीमीटरचं काय करायचं ते बहुधा तिथूनच ठरेल.